समुद्रातून आलेलं इंजिन

जुनं यंत्र दुरुस्त करावं की भंगारात घालावं, हा प्रश्न आमच्या घरी पाहुण्यासारखा अधूनमधून येत नाही, तो मुक्कामालाच असतो. उद्यमबागेत आमचं इंजिन रिबोअरिंगचं छोटं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे छत्तीस वर्षं त्या दुकानाची वही मी लिहिते. आता दुकान मुलगा बघतो, पण वही अजून माझ्याकडेच आहे. इतक्या वर्षांत ट्रॅक्टर आले, भाताच्या गिरणीची इंजिनं आली, येझदी आली, राजदूत आली, आरएक्स १०० तर किती आल्या याची मोजदाद नाही. बेळगावच्या माणसाला यंत्राचं वेड जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात. पण समुद्रातून आलेलं इंजिन मात्र आमच्या दारात २०२४ च्या जूनमध्ये पहिल्यांदाच आलं.

माझा भाऊ नोकरीच्या निमित्तानं गोव्याला गेला तो म्हापशातच स्थायिक झाला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर वॉटर स्कूटर चालवण्याचा धंदा करतो. आपण सगळे त्या वाहनाला सरसकट 'जेट स्की' म्हणतो, पण ते खरं तर कावासाकी कंपनीचं नाव. १९७३ साली त्यांनी ते बाजारात आणलं आणि आपल्याकडे वनस्पती तुपाला जसं 'डालडा' नाव चिकटलं तसंच हे झालं. भाच्याकडे दोन आहेत, दोन्ही जपानी, दोन्ही एकाच मॉडेलच्या, दोन्ही दुसऱ्या हाताच्या. त्यातल्या एकीचं इंजिन काढून, ताडपत्रीत गुंडाळून, चोर्ला घाटातनं भर पावसात तो पिकअपमधून घेऊन आला. सोबत एक मुलगा होता. एकवीस-बावीस वर्षांचा, हल्याळ तालुक्यातला. भाच्याकडे तो मशीन चालवायला होता.

गोव्यात जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्रातले हे खेळ बंद असतात. त्यामुळे दुरुस्तीला वेळ भरपूर होता. पैसा मात्र नव्हता. भाच्यानं चहा घेता घेता सांगितलं, "आत्या, आईच्या पाटल्या ठेवायच्या ठरल्यात बँकेत. काकांनी फक्त आकडा सांगायचा."

माझ्या वहिनीच्या त्या पाटल्या मी पाहिलेल्या आहेत. तिच्या माहेरहून आलेलं तेवढंच तिच्याकडे उरलंय. घर बांधताना बाकीचं गेलं. त्यामुळे "आकडा सांगा" हे शब्द मला वाटले तितके हलके नव्हते.

झालेली हकिगत अशी. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागला होता. हा मुलगा एका गिऱ्हाइकाला घेऊन गेला असताना लाटेत मशीन उलटलं. माणसं लाइफ जॅकेटवर तरंगली, कुणाला काही झालं नाही. पण उलटलेलं मशीन सरळ करताना एक पथ्य असतं. ते कुठल्या बाजूनं फिरवायचं याची खूण मागच्या बाजूला चिकटवलेली असते. उलट्या दिशेनं फिरवलं तर धुराच्या नळीत साठलेलं पाणी थेट इंजिनात उतरतं. मुलानं घाईत उलट्या दिशेनं फिरवलं. इंजिनात खारं पाणी गेलं, ते पुन्हा सुरू झालं नाही. भाच्यानं त्याचा अठरा हजार रुपये पगार अडकवून ठेवला होता. "नुकसान त्यानं केलंय, थोडं तरी त्यानं सोसायला नको?" असं त्याचं म्हणणं. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. एवढंच म्हणाला, "मी काय मुद्दाम केलो नाही काकू."

आमच्या ह्यांनी ताडपत्री सोडली आणि त्यांचा चेहराच बदलला. ७०१ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. बोअर ८१ मिलिमीटर, स्ट्रोक ६८. टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून गेल्यापासून ह्यांना तो जळक्या ऑइलचा वास पारखा झाला होता. इंजिनाला हात लावायच्या आधीच मला कळलं, की हे 'दुरुस्त करू या'च म्हणणार. मिस्त्री माणसाला विचारलं की इंजिन बांधायचं का, तर तो त्याच्या बोटांना विचारून उत्तर देतो. म्हणून मी म्हटलं, आधी बघा, मग बोला, आणि आकडा मी सांगीन.

हे काम करताना ह्यांची एक शिस्त आहे ती मला फार आवडते. इंजिन आलं की लगेच खोलायचं नाही. आधी ते बंद असतानाच त्याला बोलतं करायचं. टू-स्ट्रोक इंजिनात खालचा क्रँकचा डबासुद्धा हवाबंद असावा लागतो, कारण पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचं मिश्रण आधी तिथे येतं आणि तिथून वर ढकललं जातं. त्या डब्याला कुठं बारीक भोक पडलं तर तिथून नुसती हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी म्हणून त्याबरोबर येणारं ऑइलही कमी, आणि पिस्टन तापून फुगतो. म्हणून ह्यांनी हवा आत यायची आणि धूर बाहेर जायची वाट रबराच्या पट्ट्या लावून बंद केली, सायकलच्या पंपानं थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. मागच्या बाजूच्या ऑइल सीलपाशी बुडबुडे यायला लागले. बारीक होते, पण थांबेनात.

मग खोललं. पुढच्या सिलिंडरमध्ये गंज होता, पण भिंत धड होती. मागच्या पिस्टनवर उभे ओरखडे होते, ॲल्युमिनियम वितळून भिंतीला लागल्याच्या रेषा होत्या. ह्यांनी तो पिस्टन खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला आणि बराच वेळ फिरवून पाहिला. मग भाच्याला बोलावलं.

"ह्या ओरखड्यांवर काजळी बसलीय, दिसतेय का? काजळी कधी बसते? इंजिन चालू असताना. म्हणजे ओरखडे पडल्यानंतरही हे इंजिन बरेच दिवस चाललंय. ही जखम पाणी शिरायच्या आधीची आहे. गंज तेवढा नवीन."

सील कडक होऊन गळायला लागलं होतं, मागचा सिलिंडर उपाशी चालत होता आणि पिस्टन एकदा तरी पकडून सुटला होता. भाच्याला मग आठवलं, की एप्रिलमध्ये मशीन दोनतीनदा मध्येच दमलं होतं, थांबून पुन्हा चालू झालं होतं. हंगाम चालू होता, कुणी पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट क्रँकची. ह्यांनी कनेक्टिंग रॉड कानापाशी धरून हलवला आणि मला म्हणाले, ऐक. वाळूत पाय घासल्यासारखा आवाज. टू-स्ट्रोकच्या क्रँकला ऑइलची वेगळी टाकी नसते, रोलर बेअरिंगना मिश्रणातून जेवढा ओलावा मिळेल तेवढाच. तिथे खारं पाणी गेलं तर गंजायला फार वेळ लागत नाही. पाणी गेल्यावर तासा-दोन तासांत स्पार्क प्लग काढून, पाणी उडवून, आत ऑइल मारून, इंजिन पुन्हा चालू करून तापवलं असतं, तर बेअरिंग वाचलं असतं. पण भाच्याच्या घरी लग्न होतं. मशीन नऊ दिवस शेडमध्ये तसंच पडून होतं.

ह्यांनी हे सगळं सांगताना आवाज चढवला नाही. पण त्या मुलाकडे न बघता भाच्याला म्हणाले, "मशीन उलटं फिरवल्यानं पाणी शिरलं हे खरं. पण ह्याला मारलं त्या पाण्यानं नाही, सीलनं आणि नऊ दिवसांनी मारलं."

मी वही उघडली. नवीन पान घेतलं आणि पहिली ओळ लिहिली, 'कामगाराचा पगार देणे, रु. १८,०००'. भाचा बघत राहिला. मी म्हटलं, इंजिनाचा खर्च यानंतर.

पुढचा आठवडाभर मी किमती गोळा केल्या. क्रँक आमच्याकडे प्रेसवर दाबून नवीन रोलर घालता येतो, बुलेट-येझदीचे कितीतरी केलेत. पण मोटारसायकल बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. या वाहनाचं तसं नाही. याला ब्रेक नाही, सुकाणू नाही. पंपातून मागे पाण्याचा झोत निघतो, त्या झोताचं तोंड हँडलनं वळवायचं, म्हणजे गाडी वळते. झोत थांबला की हँडल नुसतं हातात धरायला. समोर नाव असो की पोहणारी माणसं, इंजिन पकडलं की मशीन ज्या दिशेला आहे त्या दिशेलाच सरकत जातं. पाठीवर कुणाचं तरी पोर बसलेलं असतं. मी ह्यांना विचारलं, तुम्ही दाबलेल्या क्रँकवर आपल्या नातवाला बसवाल? ह्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त 'क्रँक नवीन' असं लिहायला सांगितलं.

तर यादी अशी झाली. क्रँक बाहेरून मागवायचा, वाहतूक आणि कर धरून ४८,०००. दोन पिस्टन, रिंगा, पिनांसकट १९,०००. सगळी सीलं आणि गॅसकेट ९,०००. कार्बोरेटरचं सामान ८,०००. स्टार्टर मोटर ११,०००. एकूण ९५,०००. सिलिंडरला बिडाचं लाइनर असल्यानं बोअर करून एक साइज मोठा पिस्टन बसणार होता. ते बोअरिंग, होनिंग घरचं, त्याचे पैसे नाहीत. शिवाय मागच्या पंपाचा पंखा आणि त्याच्याभोवतीचं झिजलेलं कडं बदलायला ३२,०००. वाळू ओढून ओढून ते झिजतं आणि मग इंजिन ओरडतं पण गाडी धावत नाही. म्हणजे सगळं मिळून १,२७,०००. मुंबईहून कुणी तयार जुनं इंजिन ऐंशी हजारांत देतो म्हणत होता. ते कुठं चाललं, किती चाललं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ह्यांनी म्हटलं, मग आपलंच आजारी बरं, त्याचा आजार तरी माहीत आहे.

आता इथपर्यंत कुणीही येईल. पण खर्च किती हा अर्धाच प्रश्न, आणि तो सोपा अर्धा. दुसरा अर्धा म्हणजे ते यंत्र बांधल्यावर कमावणार किती. मी भाच्याला धंद्याची वही मागितली. वही नव्हतीच. "रोज एका मशीनच्या तीस फेऱ्या होतात आत्या, मोसम दोनशे दिवसांचा," हे तोंडी. आमच्या दुकानात येणारा प्रत्येक गिरणीवाला असंच सांगतो, सिझनमध्ये गिरणी बंदच नसते म्हणून.

पण हल्ली एक सोय झालीय. बहुतेक पर्यटक मोबाइलवरून पैसे देतात. भाच्याच्या खात्याचा मागच्या ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा उतारा आम्ही छापून घेतला, त्यात रोखीचा अंदाज मिळवला आणि मी तीन दुपारी ते कागद घेऊन बसले. पेन्सिलीनं एकेका दिवसाच्या फेऱ्या मोजल्या. तो हल्याळचा मुलगा शेजारी बसून सांगायचा, "ह्या दिवशी वारा होता काकू, ह्या दिवशी दुपारनंतर बंद." त्याला तारखा पाठ होत्या. मालकाला नव्हत्या.

निघालं ते असं. मशीन प्रत्यक्ष चालली असे दिवस १७०. दोन्ही मशीनच्या मिळून फेऱ्या सुमारे ३,१००. भाच्याच्या हिशेबानं त्या दहा हजारांवर जायला हव्या होत्या. त्यातल्या नाताळ, नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या तीसेक दिवसांत रोज अडतीस फेऱ्या, आणि उरलेल्या एकशे चाळीस दिवसांत रोज चौदा. दोन मशीनच्या मिळून चौदा.

एका फेरीचे पाचशे रुपये. त्यात पाच मिनिटांच्या फेरीला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल जातं. वाचून खोटं वाटेल, पण हे इंजिन तासाला गाडीभर पेट्रोल पितं. त्याचे १९०, ऑइलचे २०, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला १००. हातात राहिले १९०.

मग मी एक गंमत म्हणून मांडून पाहिलं, की दुसरं मशीन नसतंच तर? चौदा फेऱ्या एकच मशीन करतं, त्यात सव्वा तासही ते चालत नाही. गर्दीच्या दिवसांत एक मशीन पंचवीस फेऱ्या काढेल, म्हणजे रोज तेरा बुडतील, तीस दिवसांत ३९०. त्यांचे रुपये ७४,१००. आणि दुसरं मशीन ठेवण्यासाठी दुसऱ्या मुलाचा पगार महिना पंधरा हजारांनी आठ महिन्यांचे १,२०,०००, नोंदणी, विमा आणि किरकोळ दुरुस्तीचे तीस हजार. दीड लाख घालून चौऱ्याहत्तर हजार यायचे. दुसरं मशीन चांगलं चालू असतानाही भाच्याला वर्षाला पाऊण लाखाचा खड्डा पाडत होतं, आणि त्या खड्ड्याला नवं इंजिन बसवायला वहिनीच्या पाटल्या निघाल्या होत्या.

मी बेरीज तीनदा तपासली. भाच्यानं एकदा तपासली आणि गप्प बसला. दोन मशीन असणं म्हणजे किनाऱ्यावर मान असतो, हे मलाही कळतं. दोन मशीनवाल्याला लोक शेठ म्हणतात, एकवाल्याला नावानं हाक मारतात. वहीत त्याला रकाना नसतो.

जुलैत आम्ही दोघं म्हापशाला गेलो. चोर्ल्याला धबधबे रस्त्यावर आलेले, गाडी रांगत रांगत गेली. ह्यांना त्या मशीनचा सांगाडा बघायचा होता. इंजिन बांधून ज्यात बसवायचं ते घर कसं आहे हे न बघता इंजिनावर खर्च करणं त्यांना पटत नव्हतं. फायबरचा सांगाडा वरून चकचकीत होता. ह्यांनी आत वाकून, इंजिन ज्यावर बसतं तिथं मुठीनं ठोकत ठोकत पाहिलं. एका कोपऱ्यात आवाज बद्द आला, पिकल्या फणसासारखा. या वाहनांच्या तळाशी पोकळीत फोम भरलेला असतो, बुडू नये म्हणून. तडा गेला की तो पाणी पितो आणि मग सोडत नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर आम्ही दोन्ही तोलली. एकाच मॉडेलची दोन मशीनं, पण इंजिनाचं वजन धरून हे अडतीस किलोंनी जड भरलं. ह्यांनी तळाला बारीक भोक पाडलं तर पाण्याची धार लागली, ती संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हाही थेंबथेंब चालूच होती.

वहिनीनं त्या दिवशी सुंगटांची आमटी केली होती. जेवताना कुणी विषय काढला नाही. पाटल्या तिच्या हातात होत्या, सणासुदीलाच घालते ती एरवी. का घातल्या होत्या ते मी विचारलं नाही.

परतताना गाडीत ह्यांनी स्वतःहून निकाल दिला. मशीन बांधायचं नाही. इंजिन मात्र बांधायचं.

मला आधी वाटलं, ह्यांची बोटं बोलताहेत. पण त्यांचं म्हणणं नीट ऐकल्यावर पटलं. उरलेल्या मशीनमध्ये अगदी हेच इंजिन आहे, त्याच वयाचं, त्याच किनाऱ्यावरची वाळू आणि मीठ खाल्लेलं. त्याचीही सीलं कधीतरी जाणारच. ते जर डिसेंबरात गेलं तर सामान बाहेरून यायला महिना-दीड महिना, आणि गर्दीचे तीस दिवस हातचे गेले. पंचवीस फेऱ्या, तीस दिवस, एकशे नव्वद रुपये, म्हणजे १,४२,५०० रुपये. फळीवर तयार इंजिन असेल तर सकाळी काढून संध्याकाळपर्यंत दुसरं बसतं. त्या इंजिनाला स्टार्टर मोटर नको, कार्बोरेटर नको, दोन्ही चालू मशीनवरचीच उचलून लावता येतात. पंपाचा प्रश्नच नाही. मी गाडीतच रकमा खोडल्या. क्रँक, पिस्टन, सीलं. ७६,०००.

आणि उरलेल्या मशीनची सीलं लगेच, हंगाम सुरू व्हायच्या आधी बदलायची, बुडबुडे येवोत न येवोत.

भाच्याकडे चाळीस हजार होते. सांगाड्याची ट्रॉली, हँडल, विजेचा डबा असं विकून तो मुलाचे अठरा हजार देऊ शकला. बाकीचे छत्तीस हजार आमच्या वहीत त्याच्या नावे आहेत, जानेवारीपर्यंत. व्याज नाही, पण नाव आहे. भावाला मी फोनवर एवढंच सांगितलं, की बँकेत जायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात टोचत राहिली, ती लिहायलाच हवी. ज्या मुलाला ह्यांच्या पिस्टननं दोषातून सोडवलं, त्यालाच माझ्या बेरजेनं कामावरून काढलं. एक मशीन म्हणजे एकच चालवणारा. दुसरा मुलगा भाच्याकडे पहिल्यापासूनचा, बायको-पोर असलेला. त्याला काढणं शक्य नव्हतं. मी आकडे कसेही फिरवून पाहिले, पंधरा हजारांची दुसरी ओळ कुठंच बसत नव्हती. एकाचं भलं करताना दुसऱ्याचा घास जातो हे वहीत नेहमी दिसतं. पण एरवी तो दुसरा माणूस माझ्या शेजारी बसून तारखा सांगत नसतो.

मी त्याला स्वतः सांगितलं. भाच्याला जमलं नसतं. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "इंजिन बांधताना मी थांबू काय काकू? बघायचं होतं."

तो थांबला. सिलिंडर बोअर होताना पाहिला, पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट ह्यांनी मायक्रोमीटरनं मोजताना पाहिली. मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी जागा, तेवढ्यात सगळा खेळ. ऑगस्टच्या अखेरीस क्रँक आला. तो व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावायचं काम ह्यांनी त्याला दिलं. नवीन वस्तूसुद्धा मोजून घ्यायची, हे आमच्याकडचं पहिलं कलम. काटा किती हलतो ते तो मोठ्यानं वाचत होता आणि मुलगा वहीत लिहीत होता.

इंजिन सुरू करायच्या दिवशी दुकानाच्या मागच्या अंगणात ते चौकटीवर बसवलं. समुद्रात पंपच इंजिनाला थंड पाणी पुरवतो, बाहेर नळी लावावी लागते. त्यातही क्रम असतो. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी धुराच्या वाटेनं पुन्हा सिलिंडरमध्ये. नळ त्या मुलाच्या हातात होता. इंजिन पेटलं, निळा धूर झाला, शेजारच्या फाउंड्रीतली माणसं बघायला आली. ह्यांनी हात वर केला. मुलानं आधी पाणी बंद केलं, नळीतला शेवटचा थेंब झटकला, क्षणभर थांबून इंजिनाला रेस दिली आणि मगच बटण दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं.

इंजिन म्हापशाला गेलं. आत ऑइल मारून, तोंडं बुजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून भाच्याच्या शेडमध्ये फळीवर ठेवलंय. पंधरा दिवसांतून एकदा ते हातानं अर्धा फेरा फिरवायचं, असं ह्यांनी बजावलंय. भाचा फिरवल्यावर तारीख टाकून मला मेसेज करतो. फेऱ्यांची वहीही आता तो लिहितो, अक्षर वाईट आहे.

मुलगा अजून आमच्याकडेच आहे. पगार सध्या बारा हजार, गोव्यापेक्षा तीन हजार कमी, पण बारा महिन्यांचा. वर्षाचं गणित त्याच्या बाजूचं आहे, हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला बरोबर आहे. तरी ऑक्टोबर लागला तेव्हा तो दोन दिवस गप्प गप्प होता, आणि शनिवारी सुट्टी मागून गोव्याला जाऊन आला. समुद्र बघून आलो, म्हणाला. पुढच्या हंगामाला तो इथं असेल का, हे मी वहीत धरलेलं नाही.